बांगलादेशाला कांदा पाठवावा का? येवल्याहून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. येवला तालुक्यात तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासदांच्या कांदाचाळीत उन्हाळी कांदा आहे आणि यंदा तो लासलगावच्या लिलावात न घालता थेट बांगलादेशाला पाठवावा असं संचालकांच्या मनात आहे. पण दिल्ली आणि ढाक्याचं बिनसलंय, दर आठवड्याला नवी बातमी येते. अशा शेजाऱ्याच्या भरवशावर शेतकऱ्यांचा पैसा टाकावा का?

माझं उत्तर: पाठवा, पण धास्ती घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. नाशिकहून कांदा-द्राक्ष बाहेर पाठवणाऱ्यांचे कागद आणि गाड्या सांभाळण्यात माझी हयात गेली. ढाक्यातल्या किंवा दिल्लीतल्या भाषणामुळे कांदा महिनोन्‌महिने अडकून पडलेला मला आठवत नाही. तो अडकतो भाजीबाजारामुळे. इकडे भाव चढला की दिल्ली दार लावते, तिकडे भाव पडला की ढाका लावतो.

तारखाच बघा. शेख हसीना पंतप्रधान असताना दोन्हीकडचे नेते या संबंधांना ‘सोनेरी अध्याय’ म्हणायचे. त्या अध्यायात काय काय झालं? २९ सप्टेंबर २०१९ ला आपण कांद्याची निर्यात एका अधिसूचनेने बंद केली. पुढच्याच आठवड्यात हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांसमोर त्या हसत म्हणाल्या की जरा आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी आता स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. सभागृहात हशा पिकला. त्या नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला दोनशे टक्यांच्या (टका हे तिकडचं चलन) वर गेला आणि चक्क विमानाने आणावा लागला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, १४ सप्टेंबर २०२० ला. त्याच सोमवारी दुर्गापूजेसाठी भेट म्हणून तिकडून हिल्सा माशाची पहिली खेप बेनापोलच्या सीमानाक्यावरून आपल्याकडे आली होती. मासा आत आला आणि कांदा आत अडकला. मग २०२३: ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याखालच्या भावात निर्यात नाही, आणि ८ डिसेंबरला सरसकट बंदी. बांगलादेशात महिन्याभरावर निवडणूक आली होती आणि ढाक्यात कांद्याचा भाव एका रात्रीत जवळपास दुप्पट झाला.

आता उलटी बाजू. ५ ऑगस्ट २०२४ ला हसीना देश सोडून भारतात आल्या, मुहम्मद युनूस यांचं अंतरिम सरकार आलं आणि संबंध झपाट्याने नासले. त्याच काळात कांद्याचं काय झालं? १३ सप्टेंबर २०२४ ला किमान निर्यातमूल्य काढलं आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही शून्य. मैत्री होती तेव्हा बंदी आणि वितुष्ट आलं तेव्हा रान मोकळं! परराष्ट्र धोरणात याचं उत्तर शोधत बसू नका, मतदारयादीत शोधा. डिसेंबर २०२३ ची बंदी लोकसभा तोंडावर असताना शहरी ग्राहकासाठी आली. ती ४ मे २०२४ ला उठली, म्हणजे आपल्याकडच्या २० मेच्या मतदानाच्या पंधरा-सोळा दिवस आधी. तेव्हाही ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क ठेवून. हिशेब करा: २२० डॉलर शुल्कातच गेले, टन ७७० ला पडला. त्या भावात गिऱ्हाईक कोण उभं करणार? दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, नाशिकही गेलं, आणि कांदा या एका पिकाने काय होतं ते मुंबई-दिल्लीला कळलं. सप्टेंबरमधली सवलत विधानसभेच्या आधीची आहे, हेही ध्यानात घ्या.

मग राजकारण आणि सुरक्षा यांचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि २०२५ मध्ये तो चांगलाच दिसला. पण फटका वेगळ्या मालाला बसला. मार्च २०२५ मध्ये युनूस चीनमध्ये बोलून आले की भारताची ईशान्येकडची राज्यं जमिनीने वेढलेली आहेत आणि त्या भागासाठी समुद्राचे राखणदार आम्हीच. आपल्याकडे सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्याची, जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंदीच्या त्या गळ्याची, चिंता जुनीच आहे. त्यात चीनच्या भूमीवरून हे बोलणं झोंबलंच. ८ एप्रिलला भारताने बांगलादेशी मालाला आपल्या विमानतळ-बंदरांमार्गे तिसऱ्या देशात जाऊ देण्याची २०२० ची सवलत काढून घेतली. कागदावर कारण दिलं गर्दीचं. आठवडा उलटायच्या आत ढाक्याने जमिनीच्या मार्गाने येणारं भारतीय सूत बंद केलं. १७ मेला आपण तिकडचे तयार कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता या दोनच बंदरांतून घेऊ असं ठरवलं. जूनअखेरीस तागाचा बराचसा माल तर एकट्या न्हावाशेवावर ढकलला. पेट्रापोलच्या सीमानाक्यावरून ट्रकने काही दिवसांत कोलकात्यात पोचणारा शर्ट आता चितगावहून जहाजात बसून, बहुधा कोलंबोला जहाज बदलून, उरणला यायला लागला. न्हावाशेवाच्या कस्टम एजंटांना काम मिळालं, हे खरं. पण कापडाच्या व्यापाऱ्याला विचारा, वेळ आणि भाडं दोन्ही अंगावर आलं.

दोन्ही सरकारांनी चिमटा काढायला कुठली वस्तू निवडली ते बघा. सूत आणि शर्ट. कारण सूत महागलं तर नारायणगंजचा कारखानदार ओरडतो, शर्ट उशिरा आला तर कोलकात्याचा दुकानदार. कांदा महागला तर सगळा मोहल्ला ओरडतो. राग दाखवायचा असला तर पोटाला हात न लावता दाखवतात, एवढं तारतम्य दोघांनाही आहे. याच तणावाच्या काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, काठमांडूत भारत-नेपाळ-बांगलादेश करार झाला आणि नेपाळची ४० मेगावॅट जलविद्युत आपल्या तारांवरून बांगलादेशात जाऊ लागली. डिसेंबरात अंतरिम सरकारने भारतातून तांदूळ घेतला. आणि त्याच सरकारने पाकिस्तानशीही दार उघडलं: नोव्हेंबर २०२४ मध्ये कराचीहून चितगावला थेट मालवाहू जहाज आलं, पुढे सरकारी पातळीवर ५० हजार टन पाकिस्तानी तांदळाचा सौदा झाला. आपल्या वाहिन्यांवर यावरून बराच गहजब झाला. मला त्यात गिऱ्हाइकाचा साधा शहाणपणा दिसतो. ज्याला एकाच दुकानदाराने तीनदा रिकाम्या पिशवीने परत पाठवलंय, तो दुसरं दुकान बघणारच.

खरी धास्ती इथे आहे. २०२२-२३ मध्ये आपण २५ लाख टनांच्या आसपास कांदा निर्यात केला आणि त्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त एकट्या बांगलादेशाने घेतला. पुढच्या वर्षी, शुल्क आणि बंदीमुळे, एकूण निर्यात १७ लाखांवर घसरली. बंदी चालू असताना सरकारने ‘नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स’मार्फत बांगलादेशाला ५० हजार टन द्यायचं ठरवलं, म्हणजे व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक सरकारी संस्थेच्या दारात उभं केलं. पण बुडालेल्या टनांपेक्षा मला तिकडच्या शेताची काळजी वाटते. पाबना, फरीदपूर, राजबाडी हे तिकडचे निफाड-येवला-चांदवड समजा. २०१९ नंतर ढाक्याने मनावर घेतलं: बियाणं-खताचं अनुदान, साठवणीच्या चाळी आणि उन्हाळी हंगामातला कांदा. त्या उन्हाळी लागवडीसाठी त्यांनी शेतकऱ्यांना वाटलेलं बियाणं कुठलं? एन-५३. यातला ‘एन’ निफाडचा. हे वाण निघालं आपल्याच जिल्ह्यात, आणि त्याच्या जोरावर ते आपला कांदा कमी घ्यायची तयारी करताहेत. त्यांना दोष कसा द्यायचा?

आता तुमच्या कामाचं. तुम्हाला दिल्लीची अधिसूचना माहीत असते, पण बांगलादेशाच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे आयपी, म्हणजे तिकडच्या आयातदाराला मिळणारा आयात परवाना. तो त्यांच्या कृषी विस्तार खात्याच्या वनस्पती संगरोध विभागाकडून निघतो, ढाक्यातल्या खामारबाडीतून. तिकडच्या शेतकऱ्याचा कांदा बाजारात यायला लागला की परवाने थांबवतात. औपचारिक बंदी नाही, काही जाहीर नाही, फक्त नवे परवाने निघेनासे होतात. २०२३ मध्ये मार्चच्या मध्यावर थांबवले ते ५ जूनला उघडले. त्यांचा मुख्य कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, म्हणजे नेमका आपला उन्हाळी कांदा निघतो तेव्हाच. म्हणून तुमच्या मालाला तिकडे खरी वाट मिळाली तर पावसाळ्यात किंवा त्यानंतर मिळते, जेव्हा त्यांच्या चाळी रिकाम्या होतात आणि भाव चढतो. डिसेंबरात त्यांचा ‘मुडीकाटा’, म्हणजे छोटे कांदे लावून लवकर घेतलेला, कांदा येतो, तेव्हा हात पुन्हा आखडतो. हे वेळापत्रक कुठल्याही करारात लिहिलेलं नाही, पण करारापेक्षा नेमाने पाळलं जातं.

फळांचं गणित निराळं आहे. विदर्भातल्या संत्र्याला बांगलादेशाने काही वर्षांत किलोमागे शंभर टक्यांच्या आसपास आयातशुल्क नेऊन ठेवलं, आणि वरूड-मोर्शीच्या बागायतदारांचं कंबरडं मोडलं. आपल्याकडे तेव्हा भाषणं झाली की हा कांदाबंदीचा सूड आहे. थोडंफार असेलही. पण २०२२ मध्ये त्यांच्याकडे डॉलर आटले होते आणि त्यांनी फळं, फुलं, सौंदर्यप्रसाधनं एका यादीत घालून सगळ्यांवर जादा शुल्क लावलं, कुठल्याही देशातून येवोत. द्राक्षालाही तोच न्याय. डॉलर वाचवायचे तर गरीब देश आधी सफरचंद-संत्र्यावरच हात ठेवतो.

तुम्ही सार्कचा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा, उल्लेखही केलाय, म्हणून दोन शब्द. दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार, साफ्टा, २००६ पासून लागू आहे आणि २०११ पासून भारताने सार्कमधल्या अल्पविकसित देशांचा, दारू-तंबाखू वगळता, जवळपास सगळा माल शुल्काविना घ्यायचं मान्य केलंय. कागद उत्तम आहे. पण सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ ची, काठमांडूची. उरीच्या हल्ल्यानंतर २०१६ ची इस्लामाबादची बैठक रद्द झाली ती झालीच. जागतिक बँक वर्षानुवर्षं सांगतेय की या प्रदेशाचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास रेंगाळतोय. त्याच काठमांडूत एकमेकांची वाहनं सीमेपार जाऊ देण्याच्या कराराला पाकिस्तान नको म्हणाला, म्हणून २०१५ मध्ये थिंफूला बांगलादेश-भूतान-भारत-नेपाळ असा चौघांचा करार केला, तर भूतानच्या संसदेने तो अडवला. त्यामुळे तुमचा ट्रक आजही ढाक्याला जात नाही. तो सीमेपलीकडच्या यार्डात रिकामा होतो आणि माल बांगलादेशी ट्रकमध्ये चढतो. सुरक्षेने व्यापार खरोखर मारला तर कसा दिसतो ते पाहायचं असेल तर अटारी बघा: पुलवामानंतर २०० टक्के शुल्क, ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने व्यापार थांबवला, मे २०२५ मध्ये आपण उरलीसुरली आयातही बंद केली. बांगलादेशाची सीमा तिथवर गेलेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकार कोसळल्यावरसुद्धा पेट्रापोल दोन-तीन दिवसांत चालू झालं होतं.

पण ते दोन-तीन दिवसही कांद्याला परवडत नाहीत. सप्टेंबर २०२० चं सांगतो. बंदीच्या दिवशी घोजाडांगा, महदीपूर आणि पेट्रापोल या बंगालमधल्या सीमानाक्यांच्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. वर ताडपत्री, खाली बंगालची दमट हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोण्यांच्या तळातून पाणी झिरपायला लागतं, मग वास येतो, मग गोणीच्या विणीतून हिरवे कोंब बाहेर डोकावतात. चालक ताडपत्री दिवसा वर बांधतात, पाऊस आला की धावत खाली सोडतात. चारेक दिवसांनी दिल्लीने ज्यांचे कागद आधीच झाले होते अशा २५ हजार टनांना सोडलं, पण तोवर बऱ्याच गाड्यांतला माल निवडून निम्म्यावर आला होता. ताडपत्रीखाली कांदा किती दिवस टिकेल हे जाणणारा हमालच तिथे खरा तज्ज्ञ असतो.

यातून तुमच्यासाठी नेमकं काय निघतं? बंदीच्या अधिसूचनेत सवलत मिळते ती कस्टमच्या ताब्यात गेलेल्या किंवा जहाजावर चढू लागलेल्या मालाला. एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी) उघडली होती, गाडी रस्त्यात होती, या सबबी कांद्याच्या बाबतीत सहसा चालत नाहीत. अधिसूचनेतच ते कलम लागू नाही असं लिहिलेलं असतं. येवल्याहून घोजाडांगा सुमारे दोन हजार किलोमीटर. म्हणजे गाडी निघाल्यापासून कस्टमच्या हाती जाईपर्यंतचे दिवस पूर्ण तुमच्या जोखमीचे. पश्चिम बंगाल सरकारच्या ‘सुविधा’ पोर्टलवर गाडीचा स्लॉट आधी घ्या, त्याचे पैसे लागतात, पण पार्किंगमध्ये आठवडा काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. एकाच दिवशी दहा गाड्या सोडू नका. दोन सोडा, त्या पलीकडे रिकाम्या झाल्याचा फोन आला की पुढच्या दोन. रेल्वेचा पर्याय आहे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लासलगावहून कांद्याची मालगाडी थेट बांगलादेशात दर्शनापर्यंत गेली होती, पण अख्खा रेक भरायची ताकद तुमच्या कंपनीत आज नसेल.

पैशाचं. एलसी नसेल तर माल हलवू नका, आणि एलसी कुठल्या बँकेची आहे ते आपल्या बँकेकडून तपासून घ्या. तिकडच्या काही खासगी बँका २०२४ नंतर उघड अडचणीत आल्या आहेत. कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की एलसी कमी भावाची करू, वरचा फरक हुंडीने, बँकेबाहेरून, मिळेल. स्पष्ट नाही म्हणा. त्यात परकीय चलनाचा कायदा मोडतो, आणि गिऱ्हाईक फिरलं तर वरच्या पैशांसाठी कुठल्या कोर्टात जाणार? व्यक्तिगत व्यापारी हा धोका पत्करतो, तीनशे सभासदांची कंपनी नाही पत्करू शकत. ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा घ्या. तिकडच्या सरकारने अचानक आयात रोखली किंवा खरेदीदार बुडाला तर आधार मिळतो, मात्र माल सडला तर त्यात काही मिळत नाही, हे आधीच सभासदांना सांगून ठेवा.

एक गोष्ट बातम्यांत येत नाही, पण मला ती सगळ्यांत जास्त नडते: व्हिसा. पूर्वी सातखीरा, चापाइनवाबगंजचे व्यापारी हंगामात लासलगाव-पिंपळगावला येऊन राहायचे. लिलावात उभे राहायचे, गोल्टी (बारीक कांदा) किती, डबल पत्तीचा कांदा किती, हे हाताने पारखून घ्यायचे, आडत्याच्या घरी जेवायचे. ऑगस्ट २०२४ नंतर भारतीय व्हिसा आक्रसला आणि हे येणं-जाणं जवळपास थांबलं. आता सगळं व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवर. फोटोत कांदा नेहमीच चांगला दिसतो. पलीकडे गाडी उघडली की वाद: आकार कमी, ओल जास्त, किलोमागे तीन रुपये कापा. तुमचा माणूस तिथे नाही, त्याचा माणूस इथे नाही. दोन सरकारांच्या रुसव्याचा खरा खर्च मला या कपातीत दिसतो. यावर उपाय एकच: सीमेवरचा क्लिअरिंग एजंट तुमचा हवा, खरेदीदाराने सुचवलेला नको.

पुढच्या काळात दोन तारखांवर लक्ष ठेवा. १९९६ चा गंगा पाणीवाटप करार तीस वर्षांचा होता, त्याची मुदत डिसेंबर २०२६ ला संपते. तिस्ता नदीच्या पाण्याचं घोंगडं तर आधीपासून भिजत आहे. आणि ठरल्याप्रमाणे नोव्हेंबर २०२६ मध्ये बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडतो, म्हणजे अनेक सवलती जातात आणि भारताशी नव्याने बोलणी करणं त्यांना भाग पडतं. त्या बोलण्यांच्या टेबलावर कापड, सूत, पाणी, ईशान्येचा रस्ता हे सगळं असेल. कांद्यासाठी किमान वार्षिक कोटा बांधून द्यावा, ही त्यांची मागणी जुनी आहे, आणि माझ्या मते ती आपल्याच फायद्याची आहे. वर्षाला अमुक इतका कांदा काहीही झालं तरी देऊ, असं भारताने एकदा लिहून दिलं तर पाबनाच्या चाळी बांधायची घाई त्यांना राहणार नाही. दिल्लीला हे पटवायचं काम नाशिकच्या खासदारांचं. पण ते कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात मी अजून वाचलेलं नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पहिल्या हंगामात चाळीतला पाचवा हिस्साच या वाटेला लावा, बाकी लिलावात जाऊ द्या. निर्यातीसाठीचा आयईसी नंबर आणि कृषी खात्याच्या फायटो (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या) प्रमाणपत्रासाठीची नोंदणी आत्ताच करून ठेवा, आयपी उघडल्याची बातमी आल्यावर त्या रांगेत उभं राहायला वेळ नसतो. सौदा करताना ‘सीमेवर पोच’ भाव न ठरवता शक्यतो ‘येवला पोच’, म्हणजे माल येवल्यातच खरेदीदाराच्या ताब्यात, असा ठरवा, भले किलोला रुपया-दीड रुपया कमी पडो. आणि मला एवढं कळवा: तुमचा कांदा ४५ मिलिमीटरच्या वरचा किती आणि गोल्टी किती, आणि चाळीत भरून किती महिने झाले. त्यावर घोजाडांग्यासमोरच्या भोमराचा खरेदीदार बघायचा की महदीपूरसमोरच्या सोनामसजिदचा, ते सांगता येईल.